नवस, नफा आणि आपला वाटा

परीक्षेचं टाईमटेबल नोटीस बोर्डावर लागलं की आपल्या हॉस्टेलमध्ये दोन गोष्टी हमखास घडतात. झेरॉक्सच्या दुकानासमोर रांग लागते आणि कार्ल्याच्या डोंगरावर आपली गर्दी वाढते. एरवी नऊच्या लेक्चरला न उठणारी मंडळी पहाटे साडेपाचला थंड पाण्याने आंघोळ करून एकवीरा आईच्या पायऱ्या चढायला लागतात! एम-थ्रीची केटी असेल तर नारळ, इयर डाऊनची भीती असेल तर खणानारळाची ओटी. प्लेसमेंटचा सीझन आला की यात फायनल इयरवाल्यांची भर पडते. यात चेष्टा करण्यासारखं काही नाही. मीही जातो. वर पोचल्यावर वारा लागतो, खाली एक्सप्रेस-वे दिसतो आणि डोकं जरा शांत होतं, हे खरं आहे.

पण खाली उतरताना, लिंबू सरबत पिताना, दरवेळी तोच वाद निघतो. देवाला मानलं की यश मिळतं का? आणि आपल्याकडे यश म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. पॅकेज! एक पार्टी म्हणते, "अरे, सगळा विश्वासाचा खेळ आहे. श्रद्धा असली की लक्ष्मी आपोआप येते." दुसरी पार्टी म्हणते, "असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी, झोपा मग!" मेसची घंटा होईपर्यंत हे चालतं आणि निकाल काही लागत नाही. मला या वादात दोन्ही पार्ट्यांशी भांडायचं आहे, म्हणून हा लेख.

आधी पहिल्या पार्टीकडे वळू. त्यांचा मोठा पुरावा म्हणजे नवस फेडायला आलेली माणसं. चैत्रात कार्ल्याला जाऊन बघा. मुंबईहून, रायगडातून कोळी आणि आगरी कुटुंबं पालख्या घेऊन, वाजतगाजत येतात. कुणाची नवीन होडी झालेली असते, कुणाचं घर झालेलं असतं, कुणाच्या घरी पाळणा हललेला असतो. एवढी माणसं खोटी कशी असतील? खोटी नाहीतच मुळी. पण मित्रांनो, आपण स्टॅटिस्टिक्स शिकतो ना? नवस पूर्ण झाला तो फेडायला येतो. ज्याचा पूर्ण झाला नाही तो येत नाही. डोंगरावर उभं राहून आपल्याला अर्धंच सँपल दिसतं आणि त्यावरून आपण ग्राफ काढतो. हीच चूक कुणी लॅबमध्ये केली तर सर जर्नल परत देतील.

आता त्याच डोंगरावर, देवळाच्या शेजारी दहा पावलांवर काय आहे ते बघा. तिकीट काढावं लागतं म्हणून आपली बरीच मंडळी आत जातच नाहीत! दोन हजार वर्षांपूर्वीचं कोरलेलं चैत्यगृह आहे ते. त्या काळी कोकणातल्या बंदरांतून आलेला माल घाट चढून या बाजूने देशावर जायचा. व्यापारी श्रीमंत होते आणि श्रद्धाळूही होते. त्यांची नावं तिथे ब्राह्मी लिपीत कोरून ठेवली आहेत. वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने हे शैलगृह पुरं केलं आणि ते जंबुद्वीपात सर्वांत उत्तम आहे असंही लिहून ठेवलं. (जाहिरात काही आजची नाही!) पण मला भूतपालापेक्षा खांबांवरचे लेख जास्त आवडतात. एकेका खांबाला एकेक देणगीदार. धेनुकाकट नावाच्या गावचे यवन आहेत, आणि दारांवरच्या लेखांत एक सिंहदत्त नावाचा गंधी म्हणजे अत्तरवाला आहे, सामी नावाचा एक सुतारही आहे. सुतार! त्याचंही नाव दोन हजार वर्षं टिकलं. त्या लेखांचा मजकूर साधा असतो: अमुक गावच्या अमक्याचं दान. आधी कमावलं आणि मग आपल्या कमाईतून दिलं. ज्याला एक खांब परवडला त्याने एक खांब दिला.

हे मी सांगतोय त्याचं कारण गेल्या पावसाळ्यात घडलं.

माझा रूम पार्टनर मराठवाड्यातला. घरी कोरडवाहू शेती. स्वभावाने इतका भाविक की गुरुवारी मेसची भाजीही देवाला दाखवून खाणार. एका शनिवारी तो मला आग्रहाने लोणावळ्यातल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये घेऊन गेला. "फक्त दोन तास ऐक, आयुष्य बदलेल." हॉल एसी, दोन-अडीचशे पोरं, बहुतेक सगळी कुठल्या ना कुठल्या कॉलेजची. स्टेजवर सूटमधला एक माणूस. त्याने प्रॉडक्टबद्दल पाच मिनिटं सांगितलं असेल नसेल. बाकीचा सगळा वेळ श्रद्धेवर! डोळे मिटा, तुमची गाडी बघा, तिचा रंग बघा, स्टिअरिंगला हात लावा. विश्वास ठेवा, पैसा तुमच्याकडे चालत येईल. मग दुसरा एक जण आला, आपल्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठा, आणि महिन्याला किती लाख कमावतो ते रडत रडत सांगू लागला. टाळ्या, म्युझिक. शेवटी सूटवाला म्हणाला, "ज्यांच्या मनात शंका आहे त्यांनी आत्ता उठून जावं. निगेटिव्ह माणसं इथे नकोत." कोण उठणार? मी उठलो नाही. शेवटपर्यंत बसलो, कारण मला त्यांचा हिशेब ऐकायचा होता. तो काही कुणी सांगितला नाही.

ही भाषा नवीन नाही. नेपोलियन हिलचं 'थिंक अँड ग्रो रिच' १९३७ सालचं. २००६ मध्ये 'द सीक्रेट' आलं. आता तेच रील्समध्ये येतं, एवढाच फरक. पुस्तक वाचून कुणाचं फार तर दोनतीनशे रुपयांचं नुकसान होतं. इथे जॉईनिंगचे साडेअठरा हजार होते.

पार्टनरने ते भरले. कुठून? घरून पुढच्या सेमिस्टरची फी म्हणून आलेले पैसे होते. ते वडिलांनी सोसायटीचं पीककर्ज उचलून, त्यातून पाठवलेले. पेरणीचे पैसे फीला आणि फीचे पैसे सूटवाल्याला. यूपीआयने दोन सेकंदांत गेले.

आता तो हिशेब, जो हॉलमध्ये झाला नाही. प्रत्येकाने फक्त सहा माणसं जोडायची, असं ते म्हणाले. फक्त सहा! कॅल्क्युलेटर काढा. पहिल्या पायरीला ६, मग ३६, २१६, १,२९६, ७,७७६, ४६,६५६. सातव्या पायरीला २,७९,९३६. सातही पायऱ्यांची बेरीज झाली ३,३५,९२२. आपल्या अख्ख्या मावळ तालुक्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत पावणेचार लाखांच्या आसपास होती. म्हणजे आठव्या पायरीवरच्या माणसाला तालुक्यात जोडायला कुणी उरतच नाही, पाळण्यातलं बाळही नाही. तेराव्या पायरीला आकडा तेराशे कोटींच्या वर जातो. एवढी माणसं पृथ्वीवर नाहीत. आणि गंमत म्हणजे, कुठल्याही पायरीवर थांबा, सगळ्यात खालच्या एकाच पायरीवरची माणसं वरच्या सगळ्यांच्या बेरजेच्या पाचपट असतात. म्हणजे कुणाचीही श्रद्धा कितीही दांडगी असली तरी सहापैकी पाच जणांचे पैसे जाणारच. हे गणित आहे. ते देवाच्या मर्जीवर नाही.

म्हणूनच या धंद्याविरुद्ध १९७८ सालापासून कायदा आहे. पैसे फिरवण्याच्या योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा तो. २०२१ च्या डायरेक्ट सेलिंगच्या नियमांनी तर पिरॅमिड योजना चालवायला स्पष्ट मनाई केली. तरी हॉल भरतात. कारण कायदा पोरांना माहीत नसतो आणि श्रद्धा मात्र घरातून आलेली असते. सूटवाल्याला ती आयती मिळते.

मला सगळ्यात राग आला तो पुढच्या गोष्टीचा. तीन महिन्यांत पार्टनरला एकच माणूस जोडता आला, तोही स्वतःचा मावसभाऊ. त्याने वरच्या माणसाला फोन केला तेव्हा उत्तर मिळालं, "तुझाच विश्वास कमी पडला." बघा, काय सोय आहे! पैसे आले तर सिस्टीम भारी, गेले तर तुझी श्रद्धा खोटी. कुठल्याही मशीनची अशी वॉरंटी आपण मान्य करू का? कार्ल्याच्या देवळात मी इतक्या वेळा गेलोय, नापास झालेल्या पोराला "तुझा नारळ कमी पडला" असं तिथे कुणी म्हटलेलं ऐकलं नाही.

एवढं वाचून दुसरी पार्टी खूश झाली असेल. श्रद्धाच वाईट, असं ना? थांबा जरा.

आपल्या मेसच्या मागून जे ओढे वाहतात ते सगळे शेवटी इंद्रायणीला मिळतात. इंद्रायणी उगम पावते लोणावळ्याजवळ कुरवंड्याला, आणि मावळातून वाहत देहूला जाते. तिथे तुकाराम महाराजांनी कर्जाची खतं डोहात बुडवली ही गोष्ट आपल्याला चौथीपासून माहीत आहे. घरात महाजनकी होती, दुकान होतं, लोकांकडे येणं होतं. दुष्काळात सगळं गेलं. मग भामनाथाच्या डोंगरावरून परत आल्यावर त्यांनी कागद काढले. इथपर्यंत सगळ्यांना पाठ असतं. पण पुढचा बारकावा आपण विसरतो. परंपरा सांगते की त्यांनी आधी कागदांचे दोन भाग केले. धाकट्या भावाचा, कान्होबाचा अर्धा वाटा त्याला दिला आणि फक्त आपला वाटा नदीत टाकला.

मला या वाटणीत सगळं दिसतं. एवढा मोठा भक्त, पण भावाच्या पैशावर स्वतःची श्रद्धा लावली नाही. तुमचा विठ्ठलावर विश्वास असेल, शेअर मार्केटवर असेल नाहीतर स्वतःच्या स्टार्टअपवर, लावायचं ते आपल्या वाट्यातलं. माझ्या पार्टनरने लावला तो बापाचा वाटा, आणि त्याला तसं करायला शिकवणाऱ्याने तर स्वतःचं काहीच लावलं नव्हतं.

आणि आपलाच वाटा लावून, विश्वासाच्या बळावर पैसा उभा राहतो का? राहतो. त्याचं उदाहरण लोकलने अर्ध्या तासावर आहे, तळेगाव दाभाड्याला. आपण तळेगाव म्हटलं की एमआयडीसी, इंटर्नशिप, एवढंच डोक्यात येतं. पण १९०८ साली तिथे पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. पैसा फंड ही कल्पना अंताजी दामोदर काळे यांची. देशात उद्योग काढायला भांडवल नाही, मोठे सावकार पैसे सोडत नाहीत, तर मग दर माणशी एक पैसा गोळा करू! लोक हसले असतील. तेव्हाच्या हिशेबात एका रुपयाचे ६४ पैसे. म्हणजे एक रुपया व्हायला ६४ माणसांना पटवायचं आणि शंभर रुपये व्हायला ६,४०० माणसांना. काळे गावोगाव फिरले. लोकमान्य टिळकांनी पाठबळ दिलं. वर्षांमागून वर्षं गेली तेव्हा कुठे कारखान्यापुरता पैसा जमला.

आता सांगा, ६४ माणसांमागे एक रुपया गोळा करत फिरणाऱ्या माणसाला आपण काय म्हणणार? प्रॅक्टिकल? मुळीच नाही. श्रद्धाच ती. पहिल्या पाच हजार पैशांनंतर दाखवायला त्याच्याकडे काय होतं? एक वीटसुद्धा नव्हती. काम केलं पण फळ अजून दिसत नाही, असा जो मधला लांबलचक काळ असतो ना, तिथे गणित उपयोगी पडत नाही. तिथे श्रद्धाच लागते. फर्स्ट इयरला चार विषय राहिलेला पोरगा पुन्हा अभ्यासाला बसतो तो काय प्रॉबॅबिलिटी काढून बसतो? दुसऱ्या पार्टीला माझं हेच सांगणं आहे.

पण पैसा फंडात आणि त्या एसी हॉलमध्ये फरक बघा. एक पैसा बुडाला असता तर कुणाचं घर बसलं नसतं, पेरणी अडली नसती. धोका लाखो लोकांत वाटलेला. आणि काच करायची वेळ आली तेव्हा नुसत्या देशभक्तीवर भागवलं नाही. जपान आणि अमेरिकेत शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांना आणलं. वाळू एकटी वितळवायला सतराशे अंशांच्या घरात उष्णता लागते. सोडा घातला तर ती कमी होते, श्रद्धा घातली तर होत नाही! तळेगावला पोरांना काचकाम शिकवलंही जायचं. सूटवाल्याच्या हॉलमधून काय शिकून बाहेर पडतात? आणखी सहा जणांना हॉलमध्ये कसं आणायचं ते.

कुणी म्हणेल, उद्योगावरचा विश्वास वेगळा आणि देवावरची श्रद्धा वेगळी, तू दोन्हीची खिचडी करतोयस. असेल. पण आपल्या गावातच खिचडी करणारा एक माणूस होऊन गेला. स्वामी कुवलयानंद, मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. गुरू माधवदासांवर त्यांची पूर्ण निष्ठा. पण योगाने अमुक होतं, तमुक होतं हे नुसतं मानून ते बसले नाहीत. नौली करताना पोटात काय होतं हे बघायला त्यांनी एक्स-रे काढले, मॅनोमीटर लावला, आणि आत दाब वातावरणापेक्षा कमी होतो हे मोजून दाखवलं. त्या पोकळीला नाव काय दिलं? गुरूचं! १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम काढलं आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केलं, प्रयोग छापायला. मॅनोमीटर लावल्याने त्यांची भक्ती कमी झाली असं दिसत नाही. आपल्या फ्लुइड मेकॅनिक्सच्या लॅबमधला तोच मॅनोमीटर, ज्याचा पारा आपण सांडतो.

मोठ्या माणसांच्या विश्वासाबद्दलही एक बोललं पाहिजे, नाहीतर हा लेख सक्सेस स्टोरीज होऊन जाईल. वळवणचं धरण आपण पावसाळ्यात बघायला जातो. डोंगरावर चार महिने कोसळणारा पाऊस अडवायचा, तो खोपोलीला पाचशे मीटर खाली सोडायचा आणि त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालवायच्या, हे स्वप्न जमशेटजी टाटांचं. ते १९०४ मध्ये वारले. १९११ ला लोणावळ्यात पायाभरणी झाली आणि १९१५ ला वीज मुंबईला पोचली. स्वतः न बघितलेल्या यशावरचा हा विश्वास मोठाच. त्यामागे पावसाच्या मोजमापाची आकडेमोडही होती. पण त्याच यशाच्या जोरावर पुढचं धरण शेजारच्या मुळशीत बांधायला घेतलं, तेव्हा १९२१ मध्ये तिथल्या मावळ्यांनी सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला. कारण यावेळी पाण्याखाली जाणारी भातखाचरं त्यांची होती. धरण झालंच. वाटा दुसऱ्याचा असला की विश्वास ठेवणं किती सोपं जातं, हे मुळशीकडून विचारावं.

असो. सर-मॅडम म्हणतील, लेख लांबला. पार्टनरचं सांगून थांबतो. तो कॉलेज सोडून गेला नाही. फी भरायला ऑफिसने दोन हप्ते दिले, आम्ही विंगमधल्या सात जणांनी मिळून थोडे दिले, उरलेल्यासाठी तो सुट्टीत बाजारपेठेतल्या एका चिक्कीच्या दुकानात पॅकिंगला जातो. वडिलांना त्याने स्वतः फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "पैशाचं बघू, तू पेपर दे." गुरुवारी भाजी देवाला दाखवणं चालू आहे. मावसभावाचे पैसे मात्र अजून फिटायचे आहेत, आणि त्याचा त्याला जास्त त्रास होतो.

रेक्टर सरांना आम्ही एक अर्ज देतोय. पैसे भरून माणसं जोडायच्या कुठल्याही स्कीमची मीटिंग हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये होऊ देऊ नये, आणि फर्स्ट इयरची पोरं आली की पहिल्याच आठवड्यात त्यांना तो सहाचा हिशेब फळ्यावर करून दाखवावा. सह्यांचा कागद मेसच्या काउंटरवर, ताकाच्या पिंपाशेजारी ठेवलाय. आत्तापर्यंत ४१ झाल्यात. पेन दोरीला बांधलेलं आहे, घेऊन जाऊ नये.